सामानाजवळ कोण बसणार

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही तीन कुटुंबं समुद्रावर गेलो आणि माझी आई कोरडी परत आली. कुणी बुडालं नाही, काही हरवलं नाही, कुणाला फारसं लागलं नाही, म्हणून बाकीचे सगळे म्हणतात की दिवस मस्त गेला. मी तसं म्हणत नाही. वर्ष होत आलं, माझा राग उतरलेला नाही.

आई जूनमध्ये नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे योकोहामाला आली होती. वय बाहत्तर. सांगलीच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, सागरी प्रवाह, भूखंडमंच, खंडान्त उतार, सगळं फळ्यावर रंगीत खडूने काढून. आणि स्वतः समुद्रात घोट्याच्या वर कधी गेलेली नाही.

का गेली नाही याचं उत्तर मला पाठ आहे, कारण मी तिथे होते. आम्ही एक वर्षाआड मेच्या सुट्टीत गुहागरला जायचो, दोन काकांच्या कुटुंबांसह. बाबा, काका, आम्ही सगळी पोरं पाण्यात. आई वाळूत, सामानाजवळ. तिच्या मांडीत बाबांचा चष्मा, मोठ्या काकांचं घड्याळ, कुणाची अंगठी, कुणाचा दातांचा सेट रुमालात गुंडाळलेला. भोवती चौदा जोड चपला. काकू अधूनमधून बदलीला यायच्या, पण त्यांना ऊन लागायचं. आम्ही ओले परत आलो की आई टॉवेल द्यायची. मग सूर्य बुडायला आलेला असायचा, सगळ्यांना भूक लागलेली असायची आणि कुणीही कधी म्हणायचं नाही की आता तू जा. मीही म्हटलं नाही. मी दहा वर्षांची होते हे कारण मी बरीच वर्षं पुढे करत आले.

जुलैतल्या एका संध्याकाळी मी तिला योकोहामाच्या बंदराशेजारी फिरायला नेलं होतं. तिथे समुद्र कठड्यापलीकडे असतो. आई कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "इथे काय नुसतं बघायचंच?"

"बंदर आहे, आई. पोहायचे किनारे वेगळे."

"मला पोहायचं नाही. मला एकदा छातीपर्यंत पाण्यात उभं राहायचंय. लाट परत जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते. दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगायचे. ती किती ओढते, ते मला माहीत नाही."

एवढंच बोलली. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मी मोजू शकते, आणि त्यांतल्या बहुतेक औषधाच्या गोळ्या होत्या. त्यामुळे मी ते त्याच रात्री यादीत टाकलं.

यादी करणं हा माझा स्वभाव आहे आणि नोकरीसुद्धा. एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामांची वेळापत्रकं बनवायची, ती पाळली जातात का बघायचं, न पाळणाऱ्यांना नम्र शब्दांत छळायचं, हे मी अकरा वर्षं करते आहे. तेव्हा आईच्या समुद्राचीही मी तशीच तयारी केली. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सांगलीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उभ्या राहू द्या, पण कुणीतरी दंड धरून हवं, एकटीला सोडू नका. मग किनारा शोधला. उतार सौम्य हवा, पोहायची जागा दोरीने आखलेली हवी, जीवरक्षक हवेत. आमच्याकडून ट्रेनने तासाभरावर शोनानला तसा एक किनारा आहे, उन्हाळ्यात तिथे मुंगीलाही शिरायला जागा नसते. जपानमध्ये समुद्राचाही हंगाम असतो. जुलैत समुद्र रीतसर उघडतो, ऑगस्ट संपला की बंद होतो. जीवरक्षक जातात, दोऱ्या काढतात, शॉवर आणि खाण्याच्या लाकडी झोपड्या उतरवतात. आईचं परतीचं विमान हंगाम संपताना, मंगळवारी होतं. आधीच्या दोन रविवारांपैकी एका रविवारी पाऊस, एका रविवारी माझं ऑफिस. राहिला शेवटचा.

आईसाठी पोहण्याचा पोशाख आणला. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, गडद निळा. तिने खोलीचं दार लावून घालून पाहिला आणि दार न उघडता आतून म्हणाली, "बसतोय." मला दाखवला नाही.

आता मुख्य चूक सांगते, कारण ती मी केली. आईचा दंड धरायला मी तिच्याबरोबर पाण्यात हवी. मुलगी चौदा वर्षांची, ती वाळूत बसणार नाही. नवऱ्याचा भरवसा नाही. मग आम्ही दोघी पाण्यात असताना सामानाजवळ कोण बसणार? हा प्रश्न मला पडला. पंधरा वर्षं जपानमध्ये राहून पडला. मी कॅफेत टेबल अडवायला लॅपटॉप ठेवून काउंटरवर जाते. एकदा ट्रेनमध्ये पर्स विसरले, ती संध्याकाळी स्टेशनवर जशीच्या तशी मिळाली, आतला अर्धा खाल्लेला लाडूसुद्धा. तरी समुद्र म्हटल्यावर माझ्या डोक्यात गुहागरच उभं राहिलं. समुद्रावर जायचं तर एक माणूस सामानाजवळ, हे इतकं पक्कं बसलेलं की तो प्रश्न इथे पडायचं कारणच नाही हेही मला कळलं नाही.

म्हणून नवरा जेव्हा म्हणाला, "आपण जातोच आहोत तर यांनाही बोलावू," तेव्हा मी हो म्हटलं. हे म्हणजे त्याचे दोन मित्र. एक कुटुंब नागोयाचं. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, त्या शनिवार-रविवारी ते आमच्याकडेच उतरले होते. दुसरं टोकियोतल्या तोयोसुचं, खाडीकाठच्या उंच टॉवरमध्ये राहणारं; तो नवऱ्याच्याच ऑफिसात. आम्ही त्यांना घरात नागोयाकर आणि तोयोसुकर म्हणतो, इथेही तेच म्हणते. माणसं जास्त असली की पाळ्या लावता येतात, असा माझा हिशेब. शुक्रवारी मी तिन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळापत्रक टाकलं. सामानाजवळ बसायच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या, सहा मोठ्या माणसांच्या. आईचं नाव त्यांत नव्हतं. आईचं नाव एकाच ओळीत होतं: साडेअकरा ते साडेबारा, आई आणि मी, पाणी. त्या वेळी ओहोटी असते आणि लाटा लहान असतात, तेही खाली लिहिलं.

सगळ्यांनी अंगठे दाखवले. नागोयाकरांनी लिहिलं, "मॅडमचं प्लॅनिंग, बघायलाच नको." बघितलं नाहीच त्यांनी.

साडेनऊला आम्ही किनाऱ्यावर होतो. आईने पहाटे पाचला उठून तेरा जणांची थालीपिठं केली होती, आणि पोशाख घरूनच अंगात घातला होता, वरून सलवार-कमीज. "तिथे बदलायला रांग असेल," म्हणाली. ऊन चढलेलं, वाळू भाजत होती, दर पंधरा मिनिटांनी लाउडस्पीकरवरून तोच गोड आवाज: मोठ्याने गाणी लावू नका, आपला कचरा आपल्याबरोबर घरी न्या, झेंडा निळा आहे, पोहायला हरकत नाही. पिवळा झाला की सावध, लाल झाला की बाहेर. मी आईला ते भाषांतर करून सांगितलं. तिने झेंडा कुठे आहे ते बघून घेतलं आणि तोंड त्या बाजूला करून बसली.

चारी बाजूंना लोकांच्या शीट पसरलेल्या. त्यांच्यावर चपला, पिशव्या, कपड्यांच्या घड्या, घड्यांवर उघडे पडलेले फोन. आणि माणूस एकही नाही, सगळे पाण्यात. माझ्या मुलीने ते बघितलं आणि जपानीत म्हणाली, "ठेवून जा की. सगळे ठेवतात."

"मराठीत बोल. आणि तेरा जणांचं सामान आहे," मी म्हटलं.

तिने खांदे उडवले आणि गेली.

दहाची पाळी नागोयाकरांची. ते बसले. चार मिनिटं बसले. मी घड्याळ बघत होते. मग उठून आईसमोर उकिडवे झाले.

"काकू, तुम्ही सावलीत बसल्याच आहात ना? जरा लक्ष ठेवाल? पाय ओले करून आलोच."

"जा की," आई म्हणाली.

"माझी पाकीट-किल्ली इथे ठेवतो, तुमच्या पिशवीत. तिथे बरी."

साडेदहाला तोयोसुकरांच्या बायकोची पाळी. ती आली, आई बसलेली बघून म्हणाली, "अय्या, काकू आहेत होय, मग काय." आणि कानातले काढून आईच्या हातात दिले. तोयोसुकर मागून आले, फोन आणि गॉगल आईपुढे ठेवला आणि हसत म्हणाले, "काकू म्हणजे आपलं कॉइन लॉकर. फुकटातलं."

सगळे हसले. माझा नवरा हसला. आईसुद्धा हसली, तिला काय वाटलं मला माहीत नाही. मला काय वाटलं ते माहीत आहे, आणि मी काहीच बोलले नाही, कारण माणसं आपल्या गोटातली, सकाळची वेळ, आणि साडेअकराला सगळं ठीक होणारच होतं. शिवाय मीही तेवढ्यात वीस मिनिटं पाण्यात जाऊन आले. आईसाठी तळ तपासायला, असं मी स्वतःला सांगितलं. तळ तपासायला पाच मिनिटं पुरली असती. पाणी फार छान होतं.

अकरा वीसला मी आईला म्हटलं, "चल, तयार हो." तेवढ्यात नागोयाकरांची बायको चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन पळत आली. पोरीच्या पायाला शिंपला कापलेला, रक्त, रडारड. प्रथमोपचाराची झोपडी किनाऱ्याच्या त्या टोकाला. मोठ्या माणसांत जपानी नीट बोलणारी मी एकटी. गेले. फॉर्म भरला, जखम धुतली, पट्टी केली, शेवटची धनुर्वाताची लस कधी झाली हे तिच्या आईला आठवेना म्हणून फोनमधले जुने फोटो शोधले. परत आले तेव्हा साडेबारा झाले होते आणि आई तिथेच.

"मी म्हटलं आईंना, चला मी नेतो," नवरा म्हणाला. "त्याच नको म्हणाल्या."

ती नकोच म्हणणार. त्या पोशाखात जावयाचा हात धरून पाण्यात जाणारी बाई नव्हे ती. हे वीस वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं. आणि त्याने विचारलं तेव्हाही, आई मला नंतर म्हणाली, पुढचं वाक्य होतं, "मग इथे कोण थांबेल बघावं लागेल."

जेवण झालं. थालीपिठं, दही, लसणाची चटणी. नागोयाकर म्हणाले की काकू, यासाठी तुम्हाला परत जाऊच द्यायला नको. मी आईला म्हटलं, आता निघू. तर आईचा नियम, भरल्या पोटी तासभर पाण्यात उतरायचं नाही. हा नियम तिने आम्हालाही लावला होता, मी वाद घालू शकले नाही. ठीक. दोन वाजता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दोन वाजता आई आणि मी पाण्यात जाणार. दोनला इथे कुणीतरी हवं."

"अगं हो, नक्की," तोयोसुकरांची बायको म्हणाली. "आम्ही हवा भरलेला मोठा फ्लोट घेतलाय भाड्याने, एक चक्कर मारून येतो. दहा मिनिटं."

दीड वाजला होता. मोठी माणसं पाच, मुलं पाच, सगळे गेले, माझा नवरासुद्धा. फ्लोट धरायला लागतो म्हणे. कापलेल्या पायाची पोरगी आमच्या शीटवर झोपली होती. तिची आईही "झोपलीये, काकू आहेत" म्हणून गेली.

दोनला कुणी नाही. दोन दहाला कुणी नाही. मी पाण्याच्या कडेला जाऊन हात केले. लांबवर पिवळा फ्लोट दिसत होता, त्यावर सहा डोकी. त्यांनीही हात केले. त्यांना वाटलं मी टाटा करते आहे.

शेजारच्या शीटवर एक जपानी जोडपं होतं, दोघंही आईच्याच वयाची. बाई दोन-तीनदा रबरी ट्यूब कमरेला लावून पाण्यात जाऊन आल्या होत्या. आई त्यांच्याकडे बघत होती, जाताना आणि परत येताना. त्या मला म्हणाल्या, "आई नाही का जात? आज लाटा छान आहेत." मी म्हटलं, सामान आहे, लहान मुलगी झोपली आहे, आमची माणसं येतील आता. त्यांनी आमच्या पसाऱ्याकडे हात केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. "मी इथेच आहे. मी बघते. मुलीकडेही बघते. तुम्ही दोघी जाऊन या."

दोन पंधरा झाले होते. झेंडा निळा होता.

मी म्हटलं, "नको नको, तुम्हाला त्रास कशाला. येतीलच ती लोकं." आणि दोनदा कमरेत वाकून आभार मानले.

हे वाक्य मी कितीतरी वेळा आठवलं आहे. इतक्या वर्षांत इथला संकोच मी पुरता शिकले आणि तिकडची धास्ती जरासुद्धा सोडली नाही. दोन्हीकडचं नेमकं नको ते उचललं. कुणी मला विचारलं असतं की तुझ्या बाहत्तर वर्षांच्या आईच्या वाटेत शेवटी कोण उभं राहिलं, तर त्या फ्लोटवरच्या सहा जणांआधी मला हे वाकणं सांगावं लागलं असतं.

अडीचला लाउडस्पीकर बोलला. दूर दक्षिणेला वादळ आहे, त्याच्या लाटा पोहोचायला लागल्या आहेत, झेंडा आता पिवळा. गुडघ्यापर्यंत, कंबरेपर्यंत हरकत नाही, सावध राहा. मी आईला सांगितलं. ती उठली, छत्रीच्या आडोशाला गेली आणि सलवार-कमीज उतरवून घडी करून शीटवर ठेवली. तिला मी आयुष्यात साडी नाहीतर पंजाबी ड्रेस सोडून कशात पाहिलं नव्हतं. गडद निळ्या पोशाखात ती एकदम लहान दिसत होती. दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली.

"येताहेत का बघ," म्हणाली.

येत होते. दोन पस्तीसला ती मंडळी वाळूतून आली, ओली, लाल, हसत. तोयोसुकर म्हणाले, "सॉरी सॉरी, पोरं ऐकेनात." आणि मग आईकडे बघून, "अरे वा काकू, एकदम चॅम्पियन."

तेव्हा माझं डोकं फिरलं.

"दहा मिनिटं म्हणाला होतात," मी म्हटलं. "एक तास पाच मिनिटं झाली."

"अगं, समुद्रावर कसलं घड्याळ बघतेस," नवरा म्हणाला.

"तूच बोलायचा राहिला होतास. सकाळपासून एकाने तरी पाळी पूर्ण केली? एकाने? शुक्रवारी अंगठे कशाला दाखवले मग?"

"वहिनी, काकूंनी स्वतः हो म्हटलं. आम्ही काय जबरदस्ती केली?" नागोयाकर म्हणाले.

"तिला विचारलंत कसं तुम्ही? बसल्याच आहात ना, असं. त्यावर माणूस काय म्हणणार?"

"आता तू सगळ्यांसमोर तमाशा करू नकोस," नवरा हळू आवाजात.

"तमाशा मी केला? माझी आई तुमचं कॉइन लॉकर आहे? माझ्या सासूबाई असत्या तर ठेवू दिला असतास मित्राला त्यांच्यापुढे गॉगल?"

तोयोसुकरांची बायको म्हणाली, "हे जरा जास्तच होतंय हं. आम्ही पाहुणे म्हणून आलो, नोकर म्हणून नाही, पाळ्या लावायला." त्यावर मी जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. त्यावर ती जे म्हणाली तेही नाही. माझ्याकडे त्यांच्या प्रत्येक पाळीची वेळ होती, मी ती एकेक करून सांगितली. सगळी बरोबर होती. एकही चुकली नाही. भोवतालची माणसं मान वळवून बघत होती आणि लगेच दुसरीकडे बघत होती, तसं इथे करतात. माझी मुलगी टॉवेल डोक्यावर घेऊन दहा पावलं लांब जाऊन बसली.

मग लाउडस्पीकर पुन्हा बोलला. झेंडा लाल. सगळ्यांनी पाण्याबाहेर यावं. शिट्ट्या सुरू झाल्या आणि पाण्यातली शेकडो माणसं एकदम वाळूकडे यायला लागली.

मी आईचा हात धरला आणि त्या गर्दीच्या उलट दिशेने तिला घेऊन गेले. पाण्याच्या कडेपर्यंत पोहोचलो. एक लाट आली, तिच्या घोट्यावरून गेली, परत फिरली. समोर लाल-पिवळ्या कपड्यांतला जीवरक्षक आला, फार तर विशीतला, दोन्ही हात पुढे करून वाकला आणि म्हणाला की माफ करा, आता आत जाता येणार नाही. मी म्हटलं, फक्त दोन मिनिटं, गुडघ्यापर्यंत, ती परवा भारतात परत चालली आहे. त्याने पुन्हा माफी मागितली. मी पुन्हा विनवलं. तो मागे हटेना. त्याचं बरोबर होतं, लाटा खरोखर माणसाच्या उंचीच्या होत होत्या, आणि मला त्याचाही राग आला.

आईने माझा हात सोडला. त्याला नमस्कार केला आणि मागे वळली.

परतीच्या ट्रेनमध्ये सगळे वेगवेगळ्या डब्यांत बसले. नागोयाचे परस्पर शिनकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला गेले, त्यांच्या बॅगा नवऱ्याने स्टेशनवर पोहोचवल्या. घरी आल्यावर मी आधी किनाऱ्याचा अंदाज बघितला. सोमवारी लाल, मंगळवारी लाल, बुधवारी वादळ. आईला सांगितलं. "असू दे," ती म्हणाली आणि ओले टॉवेल मशीनमध्ये टाकायला लागली. दुसऱ्यांचे टॉवेल. आमच्या पिशवीत आलेले.

सातच्या सुमारास ग्रुपवर तोयोसुकरांचा निरोप आला. बारा फोटो, सगळे फ्लोटवरचे, आणि खाली: "थोडेफार गैरसमज झाले, पण एकूण धमाल. सामान सांभाळल्याबद्दल काकूंचे स्पेशल थँक्स." हात जोडलेले तीन. मग इतरांचेही हात जोडलेले. माझ्या नवऱ्याचेसुद्धा.

मी लिहिलं, "माझी आई सामान सांभाळायला आली नव्हती. ती समुद्रात जायला आली होती, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला जाऊ दिलं नाहीत. मंगळवारी ती परत जाते आहे." पाठवून टाकलं.

सगळ्यांनी वाचल्याची खूण आली. नवरा बाहेरच्या खोलीतून आला, फोन हातात. "कशाला लिहिलंस? उद्या ऑफिसात तोंड दाखवायचंय मला त्याला."

"दाखव की."

"पुसून टाक. अजून वेळ आहे."

"नाही पुसणार."

आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी चहा घेत होती. जूनमध्ये मीच तिला त्या ग्रुपमध्ये घातलं होतं, फोटो बघायला मिळावेत म्हणून. तिने चष्मा लावून माझा निरोप सावकाश वाचला. नवरा तिला म्हणाला, "आई, तुम्ही तरी सांगा हिला."

"पुसू नकोस," आई म्हणाली. माझ्याकडे बघत. "लिहिलंयस ते खरं आहे. पण अर्धंच आहे."

"अर्धं म्हणजे?"

"शेजारच्या बाईने सामान बघते म्हणून सांगितलं होतं. मला त्यांची भाषा कळत नाही, हात कळतात. तू नको म्हणालीस. आणि नंतर मी कपडे काढून उभी होते, तेव्हा झेंडा पिवळाच होता. तू पंधरा-वीस मिनिटं भांडत होतीस. मी तुला दोनदा हाक मारली."

मला एकही हाक ऐकू आली नव्हती.

"तेही लिही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. वर्गात उत्तर अपुरं असलं की ती असंच सांगत असणार.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मला सहन होईना. ते लिहिलं असतं तर त्या सगळ्यांना तेच समाधान मिळालं असतं: बघा, काकू स्वतःच म्हणतात, चूक हिचीच. ते त्यांना द्यायची माझी तयारी नव्हती. मी फोन हातात धरून बसले. दोन शब्द लिहिले, खोडले.

आईने चहा संपेपर्यंत वाट पाहिली. मग कप धुतला, पालथा घातला आणि बॅग भरायला आत गेली.